आधी पाण्याचा हिशेब, मग रब्बी

प्रिय सरपंचबाई,

अनेक आशीर्वाद. निवडून आलीस की लोक सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक मागणारच. मागू देत. दसरा झालाय, हरभऱ्याची पाभर आठ-पंधरा दिवसांत चालू होईल. त्याआधी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांड. पेरणीनंतर मांडलास तर तो नुसता कागद, उभं पीक कोणी मोडत नाही.

जमा बाजूला बहुतेक गावं पाऊस लिहितात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. शिवार 800 हेक्टर, पाऊस 450 मिलिमीटर धरला तर 360 कोटी लिटर. सभेत माना डोलतात आणि तिथेच हिशेब चुकतो, कारण यातलं बरंचसं पाणी उन्हानं, खरिपानं आणि ओढ्यानं आधीच नेलेलं असतं. खरी शिल्लक विहिरी सांगतात.

माथा, मधला पट्टा आणि पायथा मिळून दहा-बारा विहिरी निवड. टेपला वजन बांधून सोडायची, तीही पहाटे, मोटारी चालू व्हायच्या आत. रात्रीची वीज असेल तर आदल्या रात्री त्या विहिरींच्या मोटारी बंद ठेवायला सांग, नाहीतर उपसलेल्या विहिरीची खोटी पातळी मिळते. कठड्याची उंची वजा कर आणि जिथून टेप सोडली तिथे रंगाचा ठिपका मार, पुढच्या वेळी दुसऱ्या पोरानं दुसऱ्या बाजूनं मोजलं की आकडे जुळत नाहीत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशा चार मोजण्या पुरेत.

आपल्या काळ्या खडकात पाणी फक्त मुरमात आणि भेगांत राहतं. ढोबळमानानं शंभर लिटर जागेत दोन लिटर. मेपेक्षा पातळी सरासरी तीन मीटर वर असेल तर 800 हेक्टरखाली 48 कोटी लिटर. कुठे 360 आणि कुठे 48! त्यातलंही सगळं उपशाला येत नाही, थोडं हातचं राखूनच धर.

आता नावे बाजू, म्हणजे खर्च. दीड हजार माणसं, माणशी रोज 55 लिटर, म्हणजे वर्षाला तीन कोटी. सहाशे मोठी जनावरं, रोजचे 50 लिटर धरले तर एक कोटी दहा लाख. हे पाणी सगळ्यात आधी बाजूला काढायचं, त्यावर चर्चा नाही. उरलेल्यात पिकं. एकरभर ऊस पाटपाण्यावर 80 लाख लिटरच्या आसपास पितो, हरभऱ्याला दहा लाख पुरतात. सभेत एवढंच सांग: गावाच्या वर्षभराच्या पिण्याला लागतं ते पाणी चार एकर ऊस संपवतो. दुसरं भाषण लागत नाही.

नगरकडच्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या, ऊस-केळी नाकारली आणि दरवर्षी ताळेबंद बघून रब्बीचं क्षेत्र ठरवलं. बंधारे तर बऱ्याच गावांनी बांधले. तिथे फरक पडला तो या बंधनांनी. तुमच्याकडे सरसकट बंदी एकदम टिकणार नाही. आधी नव्या बोअरला नकार आणि उसाला ठिबकची अट, एवढंच ठरव. अट पहिली तुझ्या भावकीला लाव. असल्या ठरावामागे पोलीस नसतो, लाज असते. सरपंचाच्या घरचा ऊस उभा राहिला की तीही जाते.

महिला सभा आदल्या दिवशी घे. मार्चनंतर हंडा कोणाच्या डोक्यावर येतो, हे त्याच सांगतील. तसंच गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून दुसऱ्या दिवशी चार टाळक्यांत ठराव उरकू नकोस, तो कोणी पाळत नाही.

एक फसवी गोष्ट सांगायची राहिली, प्लॅस्टिकचं शेततळं. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर बसतं. पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं तर उत्तम. पण बरीच तळी विहिरीतून उपसून भरतात, म्हणजे सगळ्यांचं पाणी एकाच्या बांधात येतं आणि वर उन्हात उडतं. तळ्यांची यादी कर, कुठलं कशानं भरतं ते समोर लिही आणि विहिरीवरची तळी नावे बाजूला टाक.

पहिल्या मोजणीचे आकडे पाठव. पायथ्याच्या विहिरी वेगळ्या लिही, तिथली पातळी नेहमी वर असते आणि सरासरीत मिसळली की माथ्याचा कोरडा पट्टा दिसत नाही.

तुझा,
काका