गुलमर्गच्या नवशिक्या उतारावर हेल्मेट खरोखर लागते का?

आपला प्रश्न असा आहे: फेब्रुवारीत आपण, आपली पत्नी आणि दहा वर्षांचा मुलगा गुलमर्गला पहिल्यांदाच स्कीइंग शिकायला जात आहात. सामान भाड्याने देणाऱ्याने फोनवर सांगितले की नवशिक्यांना हेल्मेट लागत नाही, कारण ते हळू जातात आणि बर्फ मऊ असतो. शिवाय आपल्या धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा विश्वविजेता शूमाखर स्कीइंग करताना पडला तेव्हा त्याने हेल्मेट घातले होते, तरी डोक्याला गंभीर इजा व्हायची ती झालीच, मग उपयोग काय? माझे उत्तर असे आहे की तिघांनीही हेल्मेट घालावे, आणि मुलाचे तर पुण्यातच मापाने घेऊन सोबत न्यावे. मात्र बंधूंचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी मऊ बर्फाविषयी. गुलमर्गचा भुसभुशीत, गुडघाभर ताजा बर्फ जगप्रसिद्ध आहे हे खरे. पण तो असतो वर, गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने आफरवट शिखराकडे गेल्यावर, आणि तिथे पहिल्या आठवड्यात आपले काही काम नाही. नवशिके शिकतात ते खाली गुलमर्गच्या मैदानालगतच्या सौम्य उतारांवर. तिथला बर्फ दिवसभर शेकडो बूट आणि स्लेज तुडवतात, दुपारच्या उन्हात तो वरून वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, त्यामुळे सकाळच्या पहिल्या सत्रात तो फरशीइतका कडक असू शकतो. त्यात नवशिक्यांची पडण्याची एक ठरलेली तऱ्हा असते. भीतीने वजन मागे जाते, स्की पायांखालून पुढे निसटतात, माणूस आधी बसतो, मग पाठीवर आडवा होतो आणि शेवटी डोके मागे आपटते. सरावलेला माणूस पडताना कुशीवर वळतो, हे वळणे नवशिक्याला अजून जमत नसते. म्हणजे वेग कमी असला तरी डोक्याच्या मागच्या भागावर आदळण्याची शक्यता त्याच्याच बाबतीत जास्त राहते.

दुसरी गोष्ट गर्दीची. आपण कितीही सांभाळून उभे राहिलात तरी वरून येणाऱ्याला थांबता येतेच असे नाही. लाकडी स्लेजवर बसलेले पर्यटक, ताबा सुटलेला दुसरा विद्यार्थी, अंगावर येणारी स्कीची धारदार कड, स्कीवर उभ्या माणसाला वर ओढून नेणाऱ्या ड्रॅग-लिफ्टचा सुटून झोके खाणारा दांडा, हे सारे शिकण्याच्या जागीच असते. पुढे कधी उत्तराखंडातील औलीला चेअरलिफ्टमध्ये, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या उघड्या बाकावर, बसाल, किंवा युरोपात जाल, तेव्हा एक अनुभव हमखास येईल: शेजारचा प्रवासी घाईने सुरक्षा-दांडा खाली ओढतो आणि तो थेट आपल्या टाळूवर येतो. हेल्मेट असले की नुसता ‘टक्’ असा आवाज होतो.

आता हेल्मेट कशासाठी बनवलेले असते ते पाहू, कारण शूमाखरच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. कठीण कवचाच्या आत दाट फोमचा थर असतो. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा, पण अधिक घट्ट. आघात झाला की तो चेपतो, आणि डोके एका क्षणात थांबण्याऐवजी किंचित अधिक वेळ घेऊन थांबते. सगळा फायदा त्या किंचित वेळात आहे. युरोपीय मानक ईएन १०७७ मध्ये हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून पाडून तपासतात, म्हणजे आदळतेवेळी वेग ताशी साधारण २० किलोमीटर असतो. अमेरिकी मानक एएसटीएम एफ २०४० मध्ये उंची सुमारे २ मीटर आणि वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. स्कीइंग करणारा सामान्य मध्यम दर्जाचा माणूस मोकळ्या उतारावर सहज ताशी ४० किलोमीटरने जातो, हे लक्षात घेतले तर हे आकडे हास्यास्पद वाटतील. पण सपाट उतारावर पडताना डोके बर्फावर आदळते ते उभ्या माणसाच्या उंचीवरून, आणि पुढे जाण्याचा वेग घसरण्यात हळूहळू खर्च होतो. त्यामुळे उताराला समांतर असलेला मोठा वेग डोक्याला तितकासा लागत नाही. झाड किंवा खडक समोर आला की हे गणित मोडते. तिथे संपूर्ण वेग एका ठिकाणी थांबतो, आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होत असल्याने फोमची क्षमता कधीच संपलेली असते.

मायकेल शूमाखरचा २९ डिसेंबर २०१३ चा अपघात या दुसऱ्या प्रकारचा होता. फ्रान्समधील मेरिबेल येथे तो आखलेल्या उताराच्या कडेपासून काही मीटर बाहेर, अर्धवट बर्फाखाली दडलेल्या खडकांच्या भागात होता आणि त्याचे डोके खडकावर आदळले. हेल्मेट फुटले. हेल्मेट नसते तर तो रुग्णालयापर्यंतही पोहोचला नसता, असे ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते. याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या प्रवासाला जास्त लागू पडते. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडातील मोंत्राँब्लाँ येथे नवशिक्यांच्या उतारावर, प्रशिक्षक सोबत असताना, हेल्मेटशिवाय पडली. पडणे इतके किरकोळ वाटले की तिने वैद्यकीय मदत नाकारली. तासाभरात डोके दुखू लागले आणि दोन दिवसांनी कवटीच्या आतील रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. हेल्मेटने ती निश्चित वाचली असती असे म्हणता येणार नाही. पण हेल्मेटची चाचणी होते ती अशाच कमी वेगाच्या आघातासाठी.

अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. नॉर्वेतील आठ मोठ्या स्की-केंद्रांवरील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. २०१० मध्ये कॅनडातील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास होता. मी स्वतः दुसरा, सावध आकडा धरून चालतो. हेल्मेटच्या वजनाने मान दुखावते, ही विशेषतः मुलांच्या बाबतीत घेतली जाणारी शंका त्या एकत्रित अभ्यासात खरी ठरली नाही. मात्र अमेरिकेत हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढूनही स्कीइंगमधील मृत्यू त्या प्रमाणात घटले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याचे कारण वर आलेच आहे: मृत्यू बहुतांशी वेगात झाडावर आदळून होतात, आणि तिथे हेल्मेट अपुरे पडते. म्हणून हेल्मेट घातले म्हणून झाडांत शिरायला हरकत नाही, हा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये.

सक्तीबद्दलही आपण ओझरते विचारले आहे. इटलीत आधी लहान मुलांना आणि पुढे १८ वर्षांखालील सर्वांना असलेली सक्ती नोव्हेंबर २०२५ पासून सर्व वयांना लागू झाली. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताने ती २०१२ मध्येच केली होती. हेल्मेटसक्ती म्हटले की पुण्यात काय होते हे पुणेकराला सांगायला नको, तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

खरा निष्काळजीपणा होतो तो मापात. भाड्याच्या दुकानात बूट चार वेळा बदलून देतात, पण हेल्मेट ढिगातून उचलून डोक्यावर ठेवतात आणि ‘फिट आहे साहेब’ म्हणतात. ते मान्य करू नका. पट्टा न लावता हेल्मेट घाला आणि डोके जोरात हलवा: हेल्मेटबरोबर कपाळाची त्वचाही हलली पाहिजे, हेल्मेट एकटे फिरता कामा नये. पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटे असावी. गॉगल चढवल्यावर त्याची वरची चौकट आणि हेल्मेट यांत उघडे कपाळ दिसत असेल तर माप चुकले आहे, आणि त्या फटीतून वारा असा झोंबतो की अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागते. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम जावे. आत लोकरी टोपी घालू नये. ती घातली की हेल्मेट सैल बसते आणि आघाताच्या वेळी मागे सरकते. फारच थंडी वाटली तर पातळ, अंगासरशी बसणारे अस्तर चालते. वाढत्या वयाचा म्हणून मुलाला एक माप मोठे घेण्याचा आपला नेहमीचा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, इथे नाही.

घरातले दुचाकीचे हेल्मेट नेऊ का, असेही आपण विचारले आहे. ते नेऊ नये. ते तिपटीपर्यंत जड असते, बाजूचे दिसणे आणि ऐकणे कमी करते, आणि त्याची काच श्वासाने धुरकट होते. मागून ‘हटो, हटो’ अशी हाक आली तरी ती ऐकू येत नाही. सायकलचे हेल्मेट उघड्या डोक्यापेक्षा नक्कीच बरे, पण ते डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही आणि कानांना थंडीपासून वाचवत नाही. क्रिकेटचे हेल्मेट चेंडूसाठी असते, ते घरीच ठेवावे.

विकत घेताना आतल्या लेबलवर वर सांगितलेल्या दोनपैकी एक मानक शोधावे. मिप्ससारखा आतला सरकता थर तिरक्या आघातात डोक्याला बसणारा पीळ कमी करण्यासाठी असतो. परवडत असेल तर घ्यावा, पण नीट बसणारे साधे हेल्मेट सैल महागड्या हेल्मेटपेक्षा चांगले. आपण दोघांनी भाड्याने घेतले तर आतला फोम अंगठ्याने तपासून पाहावा, आणि भेग किंवा खोलगट चेपलेला भाग दिसला तर ते परत करावे. एकदा चेपलेला फोम पूर्ववत होत नाही.

शेवटची एक गोष्ट, जी मैदानी भागातून जाणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि पहिल्या दिवशी अनेकांचे डोके दुखते, क्वचित मळमळतेही. डोक्याला मार लागल्यावर हीच लक्षणे दिसली तर ती उंचीची म्हणून सोडून देऊ नयेत. हेल्मेट घातलेले असले तरीही. वाढती डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसले की त्या दिवसाचे स्कीइंग तिथेच थांबवून स्थानिक डॉक्टरांना दाखवावे, आणि त्यांनी सुचवल्यास श्रीनगरला जायला उशीर करू नये. श्रीनगर सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि बर्फ पडत असताना खालच्या टंगमर्ग गावापर्यंतचा घाट चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच उतरता येतो. म्हणून अशा गाडीवाल्याचा क्रमांक पहिल्या दिवशीच हॉटेलातून घेऊन ठेवावा.