वेब डेव्हलपमेंट सुरू करतोयस? आधी एवढंच कर

रिअ‍ॅक्ट की अँग्युलर (वेबसाइट बनवायची तयार साधनं), हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), ब्राउझर आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), सुरुवातीला एवढं पुरे.

खरी मैत्री कर ती एफ१२ दाबल्यावर उघडणाऱ्या डेव्हलपर टूल्सशी. तिथल्या कन्सोलमधली (एररचे संदेश दाखवणाऱ्या भागातली) लाल ओळ पाहून घाबरू नकोस, ती वाच. फाइल आणि ओळ क्रमांक तिथेच असतो. नव्यांना हमखास भेटणारी एरर म्हणजे एलिमेंट (पानावरचा घटक) 'नल' येणं, म्हणजे तो न सापडणं. बहुतेकदा पान तयार व्हायच्या आधीच स्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचा कोड) चाललेली असते. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि स्क्रिप्ट टॅगला 'डिफर' लाव, म्हणजे ती पान वाचून झाल्यावर चालेल.

सरावाला आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच काहीतरी घे. लासलगावच्या कांद्याच्या भावांची सरासरी काढणारं पान बनव. तिथे एक घोळ होईलच: इनपुटमधून आलेला भाव हा मजकूर असतो, म्हणून १२०० अधिक १३०० चे १२००१३०० होतात. आधी त्याचा नंबर कर, मग बेरीज.

आणखी दोन गोष्टी:
- रोज कमिट कर, म्हणजे केलेले बदल गिटमध्ये नोंदव. पासवर्ड, एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) मात्र गिटमध्ये टाकू नकोस. नंतर पुसल्या तरी इतिहासात राहतात.
- अडलास की आधी एमडीएन (वेब तंत्रज्ञानाची माहिती देणारी साइट) उघड. मोफत आहे आणि बहुतेक व्हिडिओंपेक्षा नेमकं.

पान झालं की कोड दाखव, मी नक्की बघतो.