वाड्यासारखं स्वयंपाकघर, पण एफडी न मोडता

सांगलीच्या गावभागातून एका ताईंनी विचारलंय: वाड्यासारखं स्वयंपाकघर करायचंय. कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, जुन्या सागवानाची कपाटं. अंदाजपत्रक 4 लाख 80 हजार. घरात महिन्याला 62 हजार येतात, 40 हजार खर्च होतात. फेब्रुवारीत मुदत संपणारी 3 लाखांची एफडी आत्ताच मोडून बाकीचे पर्सनल लोन घेऊ का? 2019 च्या पुरात घरात तीन फूट पाणी होतं.

ताई, स्वयंपाकघर जरूर करा, पण असं नको. 1 लाख 80 हजारांचं कर्ज 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता सुमारे 6,065 रुपये आणि व्याज 38 हजारांच्या वर. मला जास्त काळजी एफडीची आहे. सहा महिन्यांच्या खर्चाचे 2 लाख 40 हजार हाताशी हवेतच, नदीकाठच्या घराला तर नक्कीच.

आता अंदाजपत्रक बघू. ओटा आणि गवंडीकाम 1 लाख 10 हजार, नळ आणि वायरिंग 60 हजार, फरशी 50 हजार. पहिल्या टप्प्यात एवढंच 2 लाख 20 हजारांचं काम करा. त्यासाठी जुलैपासून महिना 20 हजारांची आरडी (आवर्ती ठेव) लावा, आठ हप्त्यांत 1 लाख 60 हजार होतील. फेब्रुवारीत एफडी सुटली की 60 हजारांच्या चार एफडी करा आणि उरलेले 60 हजार कामाला घ्या. पुढे अडचण आली तर एकच मोडावी लागेल. काम मार्चमध्ये काढा, म्हणजे पावसाआधी सगळं वाळेल.

चिमणी आणि दिव्यांचे 70 हजार थांबू शकतात. खरा प्रश्न सागवानाच्या 1 लाख 90 हजारांचा. सागवान पाण्यात तग धरतं, पण कपाटाच्या पाठीला लावलेलं प्लाय फुगतं, सांधे सुटतात, गाळ आत बसतो. म्हणून ओट्याखाली दारं करूच नका. विटांच्या खांबांवर कडप्प्याचे उघडे खण ठेवा, पाइप मारला की गाळ निघून जातो. लाकूड फक्त भिंतीवर, चार फुटांच्या वर. स्विचबोर्डही तिथेच. वाड्याचा बाजही यातच जास्त येतो, आणि लाकडाचा खर्च बराच खाली येईल.

जुनं लाकूड घेताना दर कच्च्या घनफुटावर ठरवू नका, रंधा मारून तयार झालेल्या फळीवर ठरवा. खिळ्यांची भोकं आणि वाळवीने पोखरलेले तुकडे वगळल्यावर हाती बरंच कमी येतं. कडप्प्यावर लिंबू, चिंच सांडली की पांढरे डाग पडतात, ते पुसून जात नाहीत. सिंकलगतची दोन फूट पट्टी ग्रॅनाइटची घाला.

गवंड्याला पैसे टप्प्याने द्या. शेवटचे 10 टक्के ओट्यावर पाणी ओतून ते सिंककडे वाहतंय हे बघितल्यावरच. आणि काम संपलं की 'भारत गृह रक्षा' विमा घ्या. त्यात पूर धरलेला असतो, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप येतं. बिलं आणि तयार ओट्याचे फोटो मोबाइलवर जपून ठेवा, दाव्याच्या वेळी तेच मागतात.