अकरा कविता आणि एक सायकल

"मी झाले नसते तर आई कोण झाली असती?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुली मला समुपदेशनाच्या कामात बऱ्याचदा भेटतात. बहुतेक तिशीच्या आसपासच्या, काही स्वतः नुकत्याच आई झालेल्या. त्यातलीच ही एक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिने वहीच आणली होती. आईच्या तरुणपणावर अकरा कविता, सगळ्या एका कृष्णधवल फोटोवरून सुचलेल्या: सायकलवर बसलेली, एक पाय जमिनीला टेकलेला, मान मागे टाकून हसणारी एकोणीस वर्षांची मुलगी. कवितांमधली ती मुलगी गाते, लाल सायकल वाऱ्यासारखी हाकते. कविता चांगल्या होत्या. पण अकराही एकाच जागी संपत होत्या. कुठे दार लागतं, कुठे दिवा मालवतो, कुठे पाळणा हलतो.

"दर वेळी शेवटी तुम्ही येता आणि कविता संपते," मी म्हणाले.

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, "मी आले म्हणूनच संपलं ना सगळं?"

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा कल्पनेत पाहिली की ती खरंच घडली होती असं वाटू लागतं, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. हिचं तेच झालं होतं. फोटोतल्या मुलीला तिने एक आयुष्य दिलं आणि ते हिरावल्याचा आरोप स्वतःवर घेतला. बाई आई होते तेव्हा तिच्यात मोठी उलथापालथ होते, हे खरंच आहे. मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफाएल यांनी १९७३ मध्ये त्या स्थित्यंतराला स्वतंत्र नावही दिलं. पण म्हणून आधीची बाई पुसली जात नाही. उलट उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणीच जास्त येतात. म्हणजे ती मुलगी आईकडे शाबूत असणार. तिला विचारायचं एवढंच.

कविता इतक्यात दाखवू नका, असं मी सांगितलं. पूर्वी एकीला "वाचून दाखव" म्हणाले होते. तिच्या आईला ती तक्रार वाटली आणि दोघींचं बोलणंच बंद झालं. चूक माझी होती. "तू सुखी होतीस का?" हेही विचारायचं नाही, कारण त्यावर आई फक्त मुलीची समजूत काढते. विचारायचं ते बारीकसारीक: फोटो कुणी काढला? सायकल कुणाची?

तीन आठवड्यांनी ती हसतच आली. सायकल मैत्रिणीची होती. आईला चालवताच येत नव्हती, पाय टेकला होता तो पडू नये म्हणून! गाणं तिने कंटाळून सोडलं होतं, तेही लेकीच्या जन्माआधी चार वर्षं.

"शिक्षण मात्र माझ्यामुळेच राहिलं," ती म्हणाली. "राग आला होता का, विचारलं. म्हणाली, आला होता, पण तुझा नाही. मदतीला कुणी आलं नाही त्यांचा."

यावर आम्ही पुढची दोन सत्रं बोललो. ते दुःख खरं होतं आणि ते आईचं होतं. मुलीने ते ऐकावं, फेडायला जाऊ नये.

बारावी कविता तिने आईला आपणहून वाचून दाखवली. आईने एकच चूक काढली: सायकल लाल नव्हती, हिरवी होती.