विहिरीत नुसती घुमघुम, सेट खराब आहे का?

प्रश्न: सर, आम्ही मित्र मिळून होटगी रोडला वर्कशॉपमध्ये एक माणूस बसेल एवढी छोटी पाणबुडी बनवतोय. पाण्याखालून बोलायचा सेट सेकंडहँड घेतला आणि शेतातल्या विहिरीत दोन बाजूंना ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा आणि पकडणारा भाग) सोडून बघितला तर लै घुमतंय, शब्दच कळेना. विकणारा म्हणतो सेट ओके आहे. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: सेटला इतक्यात नावं ठेवू नका, विहिरीत चांगला सेटपण असाच घुमतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर पळतो, म्हणजे दहा मीटर रुंद विहिरीत समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला जेमतेम १३-१४ मिलिसेकंद, आणि तो तळावरून, वरच्या पाण्यावरून, सगळीकडून पुन्हा पुन्हा येत राहतो मग एक अक्षर दुसऱ्यावर चढतं. विहिरीत फक्त बटण, बॅटरी आणि केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतंय का एवढंच बघा.

आधी दोन्ही सेटची फ्रिक्वेन्सी आणि साइडबँड (बोलणं त्या फ्रिक्वेन्सीच्या वरच्या बाजूने जातं की खालच्या, ते) एकच आहे ना ते तपासा. बरेच डायव्हर सेट ३२.७६८ किलोहर्ट्झ, अप्पर साइडबँडवर चालतात (क्वार्ट्झ घड्याळातल्या क्रिस्टलचा आकडापण हाच, ३२,७६८ हर्ट्झ). इथे थोडा जरी फरक असला तरी आवाज चिरका नाहीतर घोगरा येतो.

मग परवानगी काढून हिप्परगा तलाव किंवा उजनीच्या मोकळ्या पाण्यात जा, दोन बोटी घ्या, अंगात लाइफ जॅकेट आणि पाणबुडीत कोणीही नाही. आपल्याकडे मे महिन्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं आणि आवाज गार पाण्याकडे वाकतो, म्हणून ट्रान्सड्यूसर पृष्ठभागाला चिकटून ठेवू नका, चांगला दोन-तीन मीटर तरी खाली सोडा, आणि टेस्ट सकाळीच उरका. जवळून सुरू करून अंतर वाढवत न्या. "एक, दोन, तीन" म्हणून टेस्ट करू नका, कारण पुढचा आकडा माहीत असतो, न ऐकू आलेलापण कान भरून घेतो. एकाने चिठ्ठीवरचे असंबद्ध शब्द वाचायचे, दुसऱ्याने ऐकलं ते लिहायचं, नंतर दोन्ही कागद जुळवायचे.

हे जमलं की ट्रान्सड्यूसर पाणबुडीवर बसवा आणि रिकामीच दोरीने बांधून पाण्यात फिरवा. आत हवा असलेला लोखंडी डबा आवाज अडवतो, त्यामुळे एखाद्या बाजूने बोलणं तुटणारच, ती बाजू नीट लिहून ठेवा. आणि मोटर चालू करून परत तीच शब्दांची चिठ्ठी वाचा! मोटरच्या कंट्रोलरचा गोंगाट सेटमध्ये शिरतो हे बहुतेकांना पहिल्यांदा पाण्यातच कळतं, आणि तेव्हा आत माणूस असला तर अवघड आहे.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगतो: बोलणं तुटलं तर किती मिनिटांनी पाणबुडीने वर यायचं ते आधी ठरवा, कागदावर लिहा, आत चिकटवा. वर येताना बोट डोक्यावर नको, म्हणून बोटवाल्यालापण तीच वेळ पाठ पाहिजे.

प्रश्न: साधा वॉकीटॉकी पिशवीत सील करून चालेल का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर: नाही. पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं, थोडं खाली गेलं की संपलं. वर आल्यावर बोटीशी बोलायला मात्र तो जरूर जवळ ठेवा.