कंपनीचा माणूस धनादेश घेऊन दारात उभा आहे, सही करू का?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र: 'आईला घेऊन छोट्या विमानाने देशातल्या देशातच प्रवास केला. उतरताना पुढचं चाक मोडलं आणि विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलं. मागच्या दारातून उडी टाकताना आईचा मणका मोडला. मला खरचटलंही नाही, पण अजून झोप नाही. कंपनीचा माणूस ५०,००० रुपयांचा धनादेश आणि एक इंग्रजी कागद घेऊन आला होता. म्हणतो, आई स्वतः उडी मारून पडल्या, आणि चौकशीचा अहवाल येईपर्यंत यापेक्षा जास्त काही मिळायचं नाही. सही करू का?'

नका करू. तुम्ही पाठवलेला कागद वाचला. पहिले तीन परिच्छेद नुसती सहानुभूती. खरी मेख शेवटून दुसऱ्या ओळीत आहे: ही रक्कम पूर्ण व अंतिम, यापुढे कसलाही दावा नाही. तिकिटावर काहीही छापून कंपनीला जबाबदारी झटकता येत नाही, पण अपघातानंतर तुम्ही स्वतः लिहून दिलेलं तुमच्याच गळ्यात पडतं. पैशांची नड असेल तर 'तात्पुरती मदत, दाव्याचा हक्क राखून' एवढंच लिहून धनादेश घ्या. त्याला ते चाललं नाही, तर त्याचा हेतू तुम्हाला कळलाच.

अहवालासाठी थांबू नका. ती चौकशी पुन्हा असा अपघात होऊ नये म्हणून असते, भरपाई ठरवायला नाही. १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याखाली ठरलेल्या मर्यादेपर्यंत वैमानिकाची चूक तुम्हाला सिद्ध करावीच लागत नाही. त्यावर मागितलंत, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे कंपनीने दाखवायचं. मुदत मात्र २ वर्षांची, विमान पोहोचलं त्या दिवसापासून. ती टळली की हक्कच संपतो. मग अहवाल कितीही तुमच्या बाजूचा येवो.

उडीचं म्हणाल, तर विमानात चढता-उतरताना झालेली इजाही याच कायद्यात येते. फार तर आईंचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवून ते रक्कम कमी करायला बघतील. म्हणून आजच लिहून काढा: दार कोणी उघडलं, 'उतरा, उतरा' कोण ओरडलं, जमीन किती खाली होती, शेजारच्या आसनावर कोण होतं. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'पडल्याने इजा' असेल, तर 'अपघातग्रस्त विमानातून उतरताना' अशी नोंद डॉक्टरांकडून करून घ्या. आपल्याकडे बोर्डिंग पास खिशातच धुतला जातो. तो आणि बॅगेला चिकटवलेली चिठ्ठी जपा.

तुमच्या झोपेबद्दल वाईट वाटतं, पण शरीराला इजा नसेल तर नुसत्या धास्तीची भरपाई हा कायदा देत नाही. तुमचं नाव दाव्यात घालू नका, साक्षीला ठेवा.

तक्रार आईंच्या नावे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, कंपनीच्या शहरात खेटे घालायला नकोत. तिकीट ५ लाखांच्या आतलं, म्हणजे फीही नाही.