दोन विभाग, एक प्रस्ताव

संशोधन अनुदानाबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. वेगवेगळ्या विषयांच्या माणसांनी एकत्र येऊन विद्यापीठाकडे अनुदान मागताना गाडी कुठे अडते, हाच पाचही पत्रांचा विषय आहे.

प्रश्न : आमचा रसायनशास्त्र विभाग आणि समाजशास्त्र विभाग सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीचे पाणी व घाटावरची गर्दी यांचा अभ्यास करणार आहेत. प्रस्ताव ‘आंतरविद्याशाखीय स्वरूप स्पष्ट होत नाही’ असा शेरा मारून परत आला. दोन विभाग असूनही असे का?
— सहयोगी प्राध्यापक, नाशिकरोड

उत्तर : दोन विभाग आहेत खरे, पण बहुधा शेजारी शेजारी नुसते बसलेत. उद्दिष्टांचे पान काढून पाहा. पहिली दोन पाण्याची आणि पुढची दोन प्रश्नावलीची असली, पान मधोमध फाडले की दोन वेगळे प्रकल्प हातात येत असले, तर शेरा योग्यच आहे. एक विभाग वगळला तर ज्याचे उत्तर मिळणारच नाही, असा प्रश्न शोधा. उदाहरणार्थ: रामकुंडावर तासागणिक किती माणसे उतरतात, पाण्यात काय काय सोडतात आणि त्याच तासाला पाण्यात कोणता फरक पडतो? इथे माणसे मोजणारा आणि बाटली भरणारा एकाच वेळी एकाच पायरीवर हजर लागतो. दोघांचे नोंदपत्रक एकच ठेवा, नमुन्याचा क्रमांकही एकच. त्या पत्रकाचा कोरा नमुना प्रस्तावाला जोडा. ‘समन्वयाने काम करू’ अशा दहा वाक्यांपेक्षा तो कागद जास्त बोलतो.

नमुन्याच्या जागा निवडताना खरी कसोटी लागते. वरच्या अंगाला सोमेश्वर ठीक आहे. पण खालचा नमुना दसक-पंचकला घेतलात तर तोवर नासर्डी ही उपनदी गोदावरीला मिळालेली असते. मग वाढलेला आकडा भाविकांचा की नासर्डीचा, हे सांगता येणार नाही. खालची जागा संगमाच्या अलीकडे धरा. नदी ओळखणारा परीक्षक ही चूक नकाशा पाहताच पकडतो.

तुलनाही जपून करा. मुख्य पर्वण्या, म्हणजे स्नानाचे दिवस, ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे पावसाळ्यात. त्यांच्याशी एप्रिलचे पाणी ताडून उपयोग नाही. गंगापूर धरणातून विसर्ग चालू असला की घाण तेवढीच असूनही ती विरळ होते आणि आकडा खाली येतो. आधीच्या वर्षीचा, म्हणजे २०२६ चा साधा ऑगस्ट हाच तुलनेचा पाया. कामाच्या वेळापत्रकात ‘महिना १, महिना २’ एवढेच न लिहिता ऋतूही लिहा, म्हणजे मंजुरी लांबली तर काय हुकणार हे समितीला दिसेल.

प्रयोगशाळेचा हिशेबही त्यातच द्या. बीओडी चाचणीला (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात, हे मोजणारी) नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवावा लागतो, त्यामुळे गुरुवारचा नमुना वाचायचा दिवस रविवार येतो. त्या दिवशी कॉलेज बंद आणि किल्ली शिपायाकडे. कोलिफॉर्म या जिवाणूंच्या चाचणीची बाटली निर्जंतुक हवी, ती बर्फाच्या पेटीतून न्यावी आणि शक्यतो ६ तासांत चाचणी सुरू व्हावी. स्नानाच्या पाण्याचे निकषही लिहून टाका: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा. समाजशास्त्राच्या परीक्षकाला हे आकडे पाठ नसतात, आणि तुमचा प्रस्ताव तोही वाचणार आहे.

प्रश्न : संगणकशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र मिळून द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून भुरी आणि केवडा हे रोग ओळखणारी प्रणाली करायची आहे. २ लाखांच्या अंदाजपत्रकात १ लाख १० हजार लॅपटॉप आणि कॅमेऱ्याला धरले आहेत. सहकारी म्हणतात, हे कापले जाईल.
— सहायक प्राध्यापक, निफाड

उत्तर : सहकारी बरोबर आहेत. संगणकशास्त्र विभागाने लॅपटॉप मागितला की ‘मग विभागात आहे काय?’ हा प्रश्न ठरलेला. छोट्या अनुदानात पैसा आवर्ती, म्हणजे काम चालू असताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या, खर्चावर ठेवा आणि प्रत्येक रकमेमागचा गुणाकार दाखवा. ६ प्लॉट, १२ आठवडे, दर आठवड्याला प्रत्येक प्लॉटातली २५ पाने, म्हणजे १,८०० पाने. एका फेरीत ३ प्लॉट होत असतील तर २४ फेऱ्या. गाडीचे ९०० रुपये धरले तर प्रवासखर्च २१,६००. प्रत्येक पानावर कोणता रोग आहे हे दोन जाणकारांनी एकमेकांना न विचारता नोंदवायचे, तर नोंदी झाल्या ३,६००. तासाला ६० प्रमाणे ६० तास, ३०० रुपये दराने १८,०००. असा हिशेब कापायला समितीला कारण सापडत नाही. ‘फिल्डवर्क : ४०,०००’ असे एकरकमी लिहिले की निम्मे जातात.

पद्धतीत तीन गोष्टी सुटतात. पहिली, केवड्याचे तेलकट पिवळे डाग पानाच्या वरच्या बाजूला दिसतात, पण पांढरी बुरशी खालच्या बाजूला येते. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो, एकूण ३,६००. दुसरी, फवारणीचा वाळलेला पांढरा थर फोटोत थेट भुरीसारखा दिसतो. शेवटची फवारणी कोणती आणि किती दिवसांपूर्वी झाली, ही नोंद प्रत्येक फोटोबरोबर हवी, आणि दहातले एक पान सूक्ष्मदर्शकाखाली तपासून खात्री करायला हवी. वनस्पतीशास्त्र विभागाचे खरे काम हेच. नाहीतर तो नावापुरता राहतो. तिसरी, एकाच प्लॉटातले फोटो प्रणालीला शिकवायलाही वापरले आणि तिच्या परीक्षेलाही, तर अचूकता खोटी फुगते. ४ प्लॉट शिकवायला ठेवा, २ पूर्णपणे बाजूला.

ऑक्टोबरची फळछाटणी अनुदानासाठी थांबत नाही. मंजुरी डिसेंबरात आली तर केवड्याचा मोक्याचा काळ निघून गेलेला असेल, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपेल. दोन हंगामांचा प्रकल्प मागा, किंवा पहिल्या हंगामाचे थोडे फोटो स्वखर्चाने काढून ‘प्राथमिक काम’ म्हणून दाखवा.

प्रश्न : आमचे मानसशास्त्र विभागाचे महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, तर सहकारी डॉक्टरांचे आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांची श्रवणशक्ती आणि मानसिक ताण यांवर काम करायचे आहे. अर्ज कुणी करावा?
— संशोधक प्राध्यापिका, पंचवटी

उत्तर : ज्या विद्यापीठाची योजना, त्याच्याशी संलग्न महाविद्यालयातली व्यक्ती मुख्य संशोधक. पैसाही तिच्याच महाविद्यालयाच्या खात्यात येतो. बाहेरचा सह-संशोधक चालतो का, हे त्या वर्षीच्या सूचनापत्रातल्या पात्रतेच्या कलमात पाहा. चालत नसेल तर डॉक्टरांना तज्ज्ञ सल्लागार म्हणून दाखवता येते का ते विचारा. त्यांच्या प्राचार्यांचे ना हरकत पत्र आताच घ्या. सुटीत सही मिळत नाही.

नैतिकता समितीची मान्यता पहिल्या कामगाराला भेटण्याआधी हवी. मागाहून मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. मानसशास्त्र महाविद्यालयात अशी समिती नसेल तर डॉक्टरांच्या संस्थेची चालेल का, ते दोन्ही संस्थांनी लेखी ठरवावे. संमतिपत्र मराठीबरोबर उर्दूतही लागेल. आणि श्रवणचाचणी कामाची पाळी संपल्यावर लगेच घेऊ नका. गोंगाटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कानाला तात्पुरते कमी ऐकू येते. मागापासून सुमारे १४ तास दूर राहिल्यानंतर, शक्यतो सुटीच्या दिवशी सकाळी घ्या.

प्रश्न : साम्य तपासणीत प्रस्ताव आधी छापलेल्या मजकुराशी २४ टक्के जुळला. बराचसा मजकूर आमच्याच जुन्या लेखातला आहे.
— दिंडोरी

उत्तर : स्वतःचा मजकूरही साम्यात मोजला जातो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे. संदर्भसूची वगळून पुन्हा तपासा, मग पूर्वपीठिका नव्याने लिहा. जुना मजकूर बहुतेक तिथेच असतो.

प्रश्न : पहिला हप्ता खर्च झाला, पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे विनियोग प्रमाणपत्रही पाठवले, तरी दुसरा हप्ता अडला आहे. दोन महाविद्यालयांत मिळून खर्च झाला आहे.
— मुख्य संशोधक, सटाणा

उत्तर : विनियोग प्रमाणपत्र म्हणजे फक्त शेवटचे पान. अडते ते त्यामागच्या बिलांवर. बिले एकेक करून तपासा. मंजुरीपत्राच्या तारखेआधीचे बिल बाद होते. प्राध्यापकाच्या स्वतःच्या नावावर काढलेलेही; बिलावर प्राचार्यांचे पद आणि महाविद्यालयाचे नाव हवे. प्रवासाच्या रकमेतून रसायने घेतली असतील तर खर्चाचे शीर्ष बदलण्याची परवानगी आधी घेतलेली असावी लागते. उपकरण जडवस्तू (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढवून पान क्रमांक बिलाच्या पाठीवर लिहावा. सह-संशोधकाच्या महाविद्यालयाला पैसे दिले असतील तर ‘वर्ग केले’ म्हणजे ‘खर्च झाले’ नव्हे: त्यांच्या सनदी लेखापालाचे वेगळे विवरण मागवा आणि ते तुमच्या प्रमाणपत्राला जोडा. नमुनाही योग्य आहे ना ते बघा. केंद्राच्या अनुदानाला जीएफआर (सामान्य वित्तीय नियम) १२-अ, विद्यापीठाच्या अनुदानाला विद्यापीठाने ठरवून दिलेला. खात्यावरचे व्याज विवरणात दाखवायचे राहिले असेल, तर हिशेब तेवढ्याच रुपयांनी जुळत नसणार.